शालेय पत्रकारिता आणि माध्यम स्पर्धा : सिल्वासाच्या भूमीवर एक दृष्टिक्षेप

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील घडामोडींचा शोध घेऊन, त्यांची पडताळणी करून, त्या आपल्या समवयस्कांसाठी आणि गावासाठी शब्द, छायाचित्र, ध्वनी वा चित्रफितीच्या रूपाने प्रसिद्ध करणे म्हणजे शालेय पत्रकारिता होय. भित्तिपत्रक, हस्तलिखित, छापील वार्तापत्र, परिपाठातील बातम्या आणि अलीकडच्या काळातील ध्वनिमुद्रित कार्यक्रम ही तिची परिचित रूपे आहेत. या कामाला प्रोत्साहन मिळावे म्हणून ज्या स्पर्धा घेतल्या जातात, त्यांना माध्यम स्पर्धा म्हणतात. निबंध स्पर्धा आणि माध्यम स्पर्धा या वरवर सारख्या दिसत असल्या, तरी त्यांच्यात मूलभूत भेद आहे. निबंधात विद्यार्थी आपले विचार मांडतो. बातमीत त्याला दुसऱ्याकडून माहिती मिळवावी लागते, ती खरी आहे की नाही हे तपासावे लागते आणि चूक झाल्यास ती जाहीरपणे दुरुस्त करावी लागते. हा भेद ज्या स्पर्धेच्या नियमांत उतरत नाही, ती नाव काहीही असले तरी निबंध स्पर्धाच राहते.

हा विषय दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य नगर असलेल्या सिल्वासाच्या संदर्भात पाहणे अनेक अर्थांनी उद्बोधक ठरते. पहिल्या पिढीतील शिक्षण, घरी एक व शाळेत दुसरी अशी भाषेची विभागणी आणि झपाट्याने झालेले औद्योगिकीकरण या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत. अशा ठिकाणी शाळकरी मुलांनी बातमी लिहावी, ही केवळ सहशालेय उपक्रमाची बाब राहत नाही.

सिल्वासा आणि गोमंतक : एक जुना धागा

गोमंतकीय वाचकांना सिल्वासा हे नाव परके नाही. गोवा आणि दमणप्रमाणेच दादरा व नगर हवेली हे प्रदेशही पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. जुलै 1954 मध्ये दादरा मुक्त झाले आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा. या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, महाराष्ट्रातून आलेले सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. त्यानंतर सुमारे सात वर्षे या प्रदेशाचा कारभार मुक्त प्रशासनाकडे राहिला आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी तो भारतीय संघराज्यात औपचारिकरीत्या समाविष्ट झाला. 26 जानेवारी 2020 पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

पोर्तुगीज राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादलेली होती. सेन्सॉरच्या संमतीवाचून मजकूर छापता येत नसे. त्या मुस्कटदाबीला उत्तर देणाऱ्या प्रयत्नांपैकी एक म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 ते 1961 या काळात गोव्याच्या सीमेलगतच्या रानातून चालविलेले गुप्त नभोवाणी केंद्र. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात पोर्तुगिजांकडून हाती लागलेल्या बिनतारी संचांचा उपयोग करून या केंद्राचे प्रक्षेपक उभे राहिले. सिल्वासाच्या भूमीशी प्रसारमाध्यमांचा हा संबंध शालेय अभ्यासक्रमात क्वचितच येतो. तो विद्यार्थी-पत्रकारांना सांगण्याजोगा आहे, कारण माहिती पोहोचविण्याचा अधिकार कोणत्या किमतीने मिळाला याची जाणीव त्यातून होते.

साक्षरता आणि भाषांचे चित्र

दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ 491 चौरस किलोमीटर आहे. 1961 मध्ये तेथील लोकसंख्या 57,963 होती. 2011 च्या जनगणनेत ती 3,43,709 झाली. या वाढीमागे मुख्यतः कारखानदारी आणि तिच्यामुळे देशाच्या विविध भागांतून झालेले स्थलांतर आहे. साक्षरतेचे प्रमाण 1991 मध्ये 40.71 टक्के होते, ते 2011 मध्ये 76.24 टक्क्यांवर पोहोचले. मात्र याच वर्षी पुरुषांमध्ये ते 85.17 टक्के आणि स्त्रियांमध्ये 64.32 टक्के होते. आज माध्यमिक शाळेत बसलेल्या अनेक मुलामुलींच्या आजी-आजोबांना आणि काहींच्या आईलाही वृत्तपत्र वाचता येत नसावे, असे या आकड्यांवरून अनुमान निघते.

प्रदेशातील आदिवासी समाजात वारली सर्वांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याशिवाय कोकणा, धोडिया, काथोडी, कोळी ढोर, नायका आणि दुबळा हे समाज आहेत. घरात वारली किंवा कोकणा बोली, शाळेत गुजराती, मराठी, हिंदी वा इंग्रजी माध्यम, बाजारात गुजराती व हिंदी आणि कारखान्यात हिंदी, असा एका विद्यार्थ्याचा दिवस जातो. कोकणा ही बोली गोमंतकीय कोकणीहून वेगळी आहे. नावातील साम्यामुळे गल्लत होऊ नये. वारली बोली मराठीला जवळची असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तिच्यातून माहिती घेऊन प्रमाण मराठीत मांडणे तुलनेने सुकर जाते.

याचा पत्रकारितेवर थेट परिणाम होतो. प्रश्न एका भाषेत विचारायचा, उत्तर दुसऱ्या भाषेत मिळायचे आणि बातमी तिसऱ्या भाषेत लिहायची, हे काम मोठ्या शहरातील अनुभवी बातमीदारालाही अवघड वाटते. सिल्वासातील नववीच्या विद्यार्थिनीला ते घरातच शिकायला मिळालेले असते. पाड्यावरची वृद्ध स्त्री बाहेरून आलेल्या वार्ताहराशी जे बोलणार नाही, ते ती आपल्या नातीशी बोलेल. शालेय स्पर्धांनी हे कौशल्य ओळखले नाही आणि केवळ शुद्धलेखनाला गुण दिले, तर ज्या मुलीकडे सर्वाधिक बातम्या आहेत तीच पहिल्या फेरीत बाद होते.

मराठी शाळांतील परंपरा

मराठी पत्रकारितेचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण'ने 6 जानेवारी 1832 रोजी झाला. ते पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. गोव्यातही एकोणिसाव्या शतकात मराठी-पोर्तुगीज द्विभाषी नियतकालिके निघाली. म्हणजे एकाच पत्रात दोन भाषा नांदविणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, आणि शालेय पत्रकांनाही ती वर्ज्य असण्याचे कारण नाही.

शालेय पत्रकारितेचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण अमळनेरचे आहे. 1924 पासून सुमारे सहा वर्षे साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. 'काँग्रेस' साप्ताहिक आणि 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू झालेले 'साधना' ही त्यांची प्रौढ वयातील पत्रे सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या संपादकपणाची उमेदवारी एका वसतिगृहाच्या भिंतींआड झाली होती. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक मोजके; तरीही मजकूर रोज नवा. यातील रोजचा नेम महत्त्वाचा होता. वर्षाअखेरीस निघणाऱ्या देखण्या वार्षिकांकाने साहित्याची आवड निर्माण होते, पण बातमीची सवय लागते ती ठरावीक मुदतीत, थोडे थोडे आणि सातत्याने लिहिण्याने.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने 1924 मध्ये आपल्या वर्गात लहानसा छापखाना आणला. मुले स्वतःचे अनुभव लिहीत, त्यांचे खिळे जुळवीत आणि छापलेली पत्रके दूरच्या शाळांना पाठवीत. आपला मजकूर अनोळखी मुलगा वाचणार आहे हे कळल्यावर मुले अधिक काटेकोर लिहू लागतात, हे या प्रयोगाचे सार होते.

भारतातील अलीकडचे उदाहरण दिल्लीचे आहे. रस्त्यावर राहणाऱ्या व काम करणाऱ्या मुलांनी 2003 मध्ये 'बालकनामा' हे वृत्तपत्र सुरू केले. ज्या मुलांना लिहिता येत नाही, ती मुले 'बातूनी' वार्ताहर म्हणून बातम्या सांगतात आणि लिहिता येणारी मुले त्या उतरवून घेतात. साक्षरतेची पहिली पिढी असलेल्या कोणत्याही गावाला ही रचना जशीच्या तशी उचलता येईल.

स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार

जगभरातील शालेय माध्यम स्पर्धा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार जागेवरच्या लेखनाचा. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' या संस्थेमार्फत माध्यमिक शाळांसाठी बातमी लेखन, वृत्तलेख, अग्रलेख आणि मथळा लेखन अशा स्वतंत्र स्पर्धा घेतल्या जातात. स्पर्धकांना घटनेची माहिती व संबंधितांची वक्तव्ये कागदावर दिली जातात आणि ठरावीक वेळेत त्यातून बातमी रचायची असते. अमेरिकेतच 1926 मध्ये आयोवा विद्यापीठात जॉर्ज गॅलप यांच्या पुढाकाराने 'क्विल अँड स्क्रोल' ही शालेय पत्रकारांची संस्था स्थापन झाली. तीही प्रसिद्ध झालेल्या शालेय मजकुराच्या स्पर्धा घेते. जागेवरच्या स्पर्धेचे लाभ स्पष्ट आहेत : सर्वांना समान सामग्री मिळते, पालकांनी लिहून देण्याची शक्यता राहत नाही आणि परीक्षण सोपे होते. उणीवही तितकीच स्पष्ट आहे. माहिती आयती मिळत असल्याने ती शोधण्याची आणि पारखण्याची कसोटी लागत नाही.

दुसरा प्रकार शोधकार्याचा. 'यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्नमेंट' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम 1994 मध्ये सुरू झाला. पर्यावरण शिक्षणाचे कार्य करणारे 'फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन' तो चालविते. विद्यार्थ्यांनी स्थानिक पर्यावरणीय प्रश्नाचा तपास करावा, त्यावरील उपाय अभ्यासावेत, लेख, छायाचित्र वा चित्रफितीद्वारे वृत्तांत तयार करावा आणि तो लोकांपर्यंत पोहोचवावा, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. 11 ते 14 आणि 15 ते 18 हे त्यातील शालेय वयोगट होत. यातील चौथी पायरी विशेष लक्षणीय आहे. मजकूर परीक्षकांच्या टेबलावर संपत नाही. तो गावात वाचला गेला पाहिजे, ही अट स्पर्धेलाच पत्रकारितेचे रूप देते.

सिल्वासासारख्या ठिकाणी या दोहोंची सांगड उपयुक्त ठरेल. शाळेच्या पातळीवर जागेवरची स्पर्धा घेऊन बातमीचा घाट शिकवावा आणि आंतरशालेय पातळीवर महिनाभराचे शोधकार्य द्यावे. विषयांची वाण नाही. दमणगंगेचे पाणी, मधुबन धरणाच्या जलाशयाने विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या आठवणी, खानवेल परिसरातून शाळेत येणाऱ्या मुलांचा रोजचा प्रवास, कारखान्यांतील पाळ्यांमुळे बदललेले घरातले वेळापत्रक, वारली चित्रांची विक्री आणि त्यातून चित्रकाराच्या हाती येणारी रक्कम, हे सर्व विषय विद्यार्थ्याला पायी चालून, माणसांशी बोलून हाताळता येतात.

नियम आणि गुणदान

शोधकार्याच्या स्पर्धेसाठी शंभर गुणांची पुढील विभागणी शाळांना नमुना म्हणून घेता येईल : माहितीची पडताळणी 30, शोध व स्रोतांचे वैविध्य 25, भाषा व रचना 20, वाचकांपर्यंत पोहोचविणे आणि चुकांची दुरुस्ती 15, मथळा व मांडणी 10. पडताळणीचे गुण केवळ अंतिम मजकुरावरून देता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक स्पर्धकाने टिपणवही सादर करावी. कोणाशी, कुठे, कधी आणि कोणत्या भाषेत बोलणे झाले, एका माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तपासली, कोणता दस्तऐवज पाहिला, या नोंदी त्यात असाव्यात. दोन लेख सारखेच सुबक असतील, तर टिपणवही निर्णय देते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी काही क्षणांत निर्दोष मजकूर तयार होऊ शकतो अशा काळात या वहीचे मोल अधिकच वाढले आहे. रामप्रहरी पाणवठ्यावर रांगेत उभे राहून केलेली नोंद कोणतेही यंत्र करून देत नाही.

भाषेबाबत तीन नियम पुरेसे आहेत. मुलाखत कोणत्याही बोलीत घेता यावी. वक्त्याचे मोजके उद्गार मूळ बोलीत देवनागरीत ठेवून त्यापुढे अर्थ द्यावा. परीक्षक मंडळात ती बोली जाणणारी एक तरी व्यक्ती असावी. तिसरा नियम पाळला गेला नाही, तर पहिले दोन कागदावरच राहतात.

हक्क आणि मर्यादा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाशी संपत नाही, हे 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या 1986 च्या निकालातून दिसून येते. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून मौन पाळणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद 13 मध्ये माहिती मिळविण्याचे व देण्याचे मुलांचे स्वातंत्र्य नमूद आहे. सरकारी कार्यालयातील माहितीसाठी माहिती अधिकार अधिनियम, 2005 उपलब्ध आहे. त्याखालील अर्जाला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. शाळेने शिक्षक वा पालकांच्या मदतीने असा एक अर्ज करून पाहणे हा नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ ठरेल.

मर्यादाही तितक्याच ठाम आहेत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार कायद्याशी संघर्ष झालेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच गुन्ह्यात बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 च्या कलम 23 मध्येही तसाच निर्बंध आहे. शालेय पत्रकात हा धोका मोठ्या वृत्तपत्रापेक्षा जास्त असतो. कारण नाव गाळले तरी 'आठवीतील एक मुलगी' एवढ्यावरून सगळी शाळा तिला ओळखते. विद्यार्थ्यांनी जोडीने फिरावे, जाण्यापूर्वी शिक्षकांना ठिकाण सांगावे, कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नये आणि ज्या कामगाराची रोजी बोलण्याने धोक्यात येईल त्याचे नाव छापू नये, हे नियम प्रत्येक शाळेने लिहून भिंतीवर लावावेत.

मुख्याध्यापकांचा अधिकार : दोन घटना

शालेय पत्रात काय छापावे हे अखेर कोणी ठरवायचे, हा प्रश्न सर्वत्र कळीचा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात 1983 मध्ये एका मुख्याध्यापकांनी किशोरवयीन गर्भधारणा आणि पालकांचा घटस्फोट या विषयांवरील लेख असलेली दोन पाने अंकातून काढून टाकली. 'हेझलवूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 1988 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर अनेक राज्यांनी विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण देणारे स्वतंत्र कायदे केले. कॅन्सस राज्याने तो 1992 मध्ये केला.

त्याच कॅन्ससमधील पिट्सबर्ग हायस्कूलच्या 'बूस्टर रिडक्स' या विद्यार्थी वृत्तपत्राने 2017 मध्ये नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या शैक्षणिक पात्रतेची पडताळणी केली. पदवी देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेविषयी गंभीर शंका त्यांना आढळल्या. वृत्त प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच त्या नियुक्तीचा राजीनामा आला. या मुलांनी आरोप केले नव्हते; त्यांनी कागदपत्रे मागितली होती, संबंधित व्यक्तीशी बोलणे केले होते आणि जे जुळत नव्हते ते नोंदविले होते. मार्गदर्शक शिक्षिका त्यांच्या पाठीशी उभी होती आणि राज्याचा कायदाही.

आपल्याकडे असा विशेष कायदा नाही. त्यामुळे शाळेने आरंभीच लेखी संपादकीय धोरण ठरविणे इष्ट. कोणता मजकूर नाकारता येईल याची कारणे त्यात मोजकी असावीत : असत्य, बदनामी, बालकाची ओळख उघड होणे, द्वेष पसरविणे. 'शाळेची प्रतिमा' हे कारण त्या यादीत नसावे. नाकारलेल्या मजकुराचे कारण विद्यार्थ्याला लेखी द्यावे. शाळेतील नळाला पाणी नाही ही बातमी शाळेच्याच भिंतीवर लागू शकत नसेल, तर दमणगंगेच्या पाण्याविषयी लिहिण्यास त्या मुलांना सांगण्यात अर्थ राहत नाही.

आरंभ कसा करावा

यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठ ते दहा विद्यार्थ्यांचे संपादक मंडळ, एक मार्गदर्शक शिक्षक, एक फलक आणि पंधरवड्याची ठरलेली तारीख एवढ्यावर भित्तिपत्रक चालते. संपादक, वार्ताहर, पडताळणीकार, लेखनिक आणि चित्रकार या भूमिका दर तीन महिन्यांनी बदलाव्यात, म्हणजे सुंदर अक्षर असलेल्या मुलीकडे कायमचे लेखनिकपद आणि धीट मुलाकडे कायमचे संपादकपद, असे होत नाही. फलकाच्या एका कोपऱ्यात 'दुरुस्ती' हा स्तंभ कायम असावा. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी पालकसभेत अंकाचे वाचन बोलीतून करावे. तेथे आजी नातीला थांबवून म्हणेल, की विहीर त्या वर्षी नव्हे, त्याच्या आदल्या वर्षी आटली होती. पुढच्या अंकात ती दुरुस्ती छापून येईल आणि त्या घरापुरते तरी वृत्तपत्र ही आपली वस्तू ठरेल.

स्पर्धेसाठी 6 जानेवारीचा मराठी पत्रकार दिन किंवा 16 नोव्हेंबरचा राष्ट्रीय पत्रकार दिन सोयीचा आहे. सिल्वासातील शाळांना 2 ऑगस्ट हा मुक्तिदिनही तितकाच अर्थपूर्ण वाटेल. पारितोषिक कोणते द्यावे, याचे उत्तर सोपे आहे : विजेत्या विद्यार्थ्यांचा वृत्तांत त्यांच्या नावासह स्थानिक दैनिकात छापावा. मुलांनी मिळविलेली माहिती मोठ्यांच्या वाचनात येईल आणि तिचे उत्तर देण्याची जबाबदारीही मोठ्यांवर येईल.